मोल्सवर्थ : एक गाव, एक आडनाव आणि एक कोश

परमुलखात राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दारावरील पाटी हा एक छोटेखानी इतिहासच असतो. पाटीवर चिपळूणकर, सासवडकर किंवा पंढरपूरकर असे लिहिलेले असते. आणि आत राहणाऱ्यांपैकी धाकट्या पिढीने ते गाव डोळ्यांनी पाहिलेलेही नसते. शेजारच्या परप्रांतीय गृहस्थांनी कुतूहलाने विचारले म्हणजे त्या 'कर' प्रत्ययाचा अर्थ आपण समजावून सांगतो, आणि सांगता सांगता आपल्यालाच आपल्या गावाची आठवण होते. गाव सुटले तरी नावातून ते सुटत नाही. आपल्या मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आम्ही ज्यांच्या चरित्राची निवड केली आहे ते जेम्स टॉमस मोल्सवर्थ इंग्रज होते. तथापि त्यांचे आडनाव आपल्या चिपळूणकर-सासवडकरांच्याच जातकुळीचे होते. आणि त्या आडनावाने मराठी भाषेत जे घर केले ते आज जवळजवळ दोनशे वर्षे उभे आहे.

प्रथम आडनावाविषयी. इंग्लंडमध्ये अकराव्या शतकापूर्वी सामान्य माणसाचे काम एकाच नावाने भागत असे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी तो देश जिंकला, जमिनीच्या मालकीचे आणि करवसुलीचे लेख काटेकोरपणे ठेवले जाऊ लागले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत आडनावे पित्याकडून पुत्राकडे जाऊ लागली. कोणी धंद्यावरून ओळखला जाऊ लागला, जसा स्मिथ म्हणजे लोहार. कोणी बापाच्या नावावरून, जसा जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. कोणी अंगलक्षणावरून, तर कोणी गावावरून. आपल्याकडेही जोशी-कुलकर्णी वृत्तीवरून आले आणि 'कर' गावावरून आले, तसाच हा प्रकार होय. गावावरून आलेल्या इंग्रजी आडनावांपूर्वी आरंभी 'चा' या अर्थाचे एक 'द' हे अक्षर लावीत. कालांतराने ते झडून गेले आणि नुसते गावाचे नाव उरले. आपला 'कर' मात्र शाबूत राहिला.

मोल्सवर्थ हे गाव इंग्लंडच्या पूर्व भागात, जुन्या हंटिंग्डनशर परगण्यात आहे. १९७४ पासून त्याचा समावेश केंब्रिजशरमध्ये होतो. विजेत्या विल्यम राजाने १०८६ मध्ये सर्व देशाची जी जमाबंदी करविली, तिच्या डूम्सडे नावाच्या प्रसिद्ध वहीत या गावाची नोंद आहे. नावाचा अर्थ मोठा बोलका आहे. जुन्या इंग्रजीत 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आणि मूल हे एका पुरुषाचे नाव. हा मूल मराठीतील बालक नव्हे, हे सांगावयास नकोच. मूल नावाच्या कोणा विस्मृत शेतकऱ्याने आपल्या जमिनीभोवती कुंपण घातले, त्याची वाडी झाली, वाडीचे गाव झाले, आणि गावातून बाहेर पडलेल्या माणसांचे ते आडनाव झाले. हजार वर्षांनंतर त्या शेतकऱ्याविषयी काहीही ठाऊक नाही. नाव तेवढे उरले आहे.

इंग्रजी आडनावांच्या भूगोलाचा पहिला व्यवस्थित अभ्यास हेन्री ब्रूम गपी या निसर्गशास्त्रज्ञाने केला. वनस्पतींचा प्रसार कसा होतो हे पाहणाऱ्या या गृहस्थाने तीच दृष्टी आडनावांकडे वळविली. निरनिराळ्या परगण्यांतील शेतकऱ्यांच्या नामावल्या घेऊन त्याने आडनावे मोजली. कारण शेतकरी हा जागा सोडून सहसा न हलणारा माणूस. १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातून असे दिसून आले की, पुष्कळशी आडनावे शतकानुशतके आपल्या मूळ भूमीच्या आसपासच रेंगाळतात. गपी हे त्याचे स्वतःचे आडनावही असेच विरळ, डॉर्सेट परगण्यातील एका लहानशा स्थानावरून आलेले.

मोल्सवर्थ हे आडनावही विरळच. पण ते रेंगाळणाऱ्यांतले नव्हे. त्याने फार लांबचे प्रवास केले. एक शाखा एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये गेली आणि पेन्कॅरो येथे स्थिरावली. दुसरी शाखा सतराव्या शतकात व्यापाराच्या निमित्ताने आयर्लंडमध्ये गेली. तिच्यातील रॉबर्ट मोल्सवर्थ यांना १७१६ मध्ये व्हायकाउंट ही पदवी मिळाली, आणि डब्लिन शहरात आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे. हेंडर मोल्सवर्थ यांनी १६८० च्या दशकात जमैका बेटाचा कारभार पाहिला. पेन्कॅरोच्या सर विल्यम मोल्सवर्थ यांनी हॉब्ज या तत्त्ववेत्त्याचे समग्र ग्रंथ संपादित केले आणि १८५५ मध्ये ते ब्रिटनचे वसाहतमंत्री झाले. त्यांच्या नावाची खूण न्यूझीलंडमधील वेलिंग्टनच्या एका रस्त्यावर आहे. आपल्या देशाशी संबंध आला तो सर गिल्फर्ड मोल्सवर्थ या अभियंत्यांचा. सिलोनमधील रेल्वेचे काम केल्यानंतर ते हिंदुस्थान सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार झाले, आणि त्यांचे स्थापत्यसूत्रांचे खिशात मावणारे पुस्तक अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले. रस्ते, पदव्या, रेल्वे अशी या आडनावाची जगभर विखुरलेली मिळकत आहे. परंतु त्यातील सर्वांत टिकाऊ वास्तू दगडाची वा लोखंडाची नसून शब्दांची आहे. ती मराठीत आहे.

जेम्स टॉमस मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यात दाखल होऊन हिंदुस्थानात आले. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आली आणि मराठी मुलखाचा मोठा भाग कंपनीच्या अमलाखाली गेला. जमीनमहसूल, न्यायदान, पोलीस ही सारी कामे ज्या भाषेत करावयाची, त्या भाषेचा पुरेसा कोश राज्यकर्त्यांपाशी नव्हता. ही उणीव सोलापूरकडे लष्करी नोकरीत असलेल्या या तरुण अधिकाऱ्याला जाणवली, आणि त्याने शब्द टिपण्यास आरंभ केला. गरज राज्यकारभाराची होती हे आम्ही लपवू इच्छीत नाही. कोश झाला तो सरकारसाठी आणि सरकारी खर्चाने. परंतु नुसत्या कारभारासाठी जेवढे शब्द लागतात तेवढ्यावर मोल्सवर्थ थांबले नाहीत, हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

सरकारने १८२५ मध्ये योजनेस मान्यता दिल्यावर मुंबईत हे काम रीतसर सुरू झाले. मदतीस टॉमस कँडी आणि जॉर्ज कँडी हे जुळे बंधू होते. त्यांच्यापैकी टॉमस कँडी पुढे मराठी क्रमिक पुस्तकांचे संस्कर्ते म्हणून आणि मराठी लेखनात विरामचिन्हे रुळविणारे म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु कोशाचा खरा पाया घातला तो शास्त्रीमंडळींनी. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले या पंडितांनी शब्द गोळा केले, त्यांचे अर्थ मराठीतच लिहिले, आणि १८२९ मध्ये महाराष्ट्र भाषेचा कोश सिद्ध केला. पंडितांचा कोश म्हणून तो ओळखला जातो. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश त्यानंतर दोन वर्षांनी, १८३१ मध्ये बाहेर पडला.

येथे क्षणभर थांबणे आम्हांस अगत्याचे वाटते. इंग्लंडमधील एका खेड्याचे नाव मराठी कोशाला कायमचे चिकटले. क्रमवंत, घगवे, शुक्ल ही नावे मात्र अभ्यासकांच्या टीपांपुरती उरली. परशुरामपंत गोडबोले तेवढे १८५४ च्या नवनीत या काव्यसंग्रहामुळे सर्वांच्या स्मरणात राहिले. सत्ता ज्याच्या हाती, त्याचे नाव मुखपृष्ठावर, हा त्या काळाचा न्याय होता. मोल्सवर्थ यांचे श्रम यामुळे कमी ठरत नाहीत. मात्र त्यांचे ऋण मानताना या सहा जणांचे ऋण विसरणे हा आपला दोष ठरेल. म्हणूनच त्यांची नावे आम्ही या स्मरणिकेत आवर्जून दिली आहेत.

पहिला कोश प्रसिद्ध झाल्यावर इंग्रजी-मराठी कोशाचे काम हाती घेण्यात आले. त्याची आखणी आणि आरंभ मोल्सवर्थ यांनीच केला. परंतु प्रकृतीने साथ न दिल्यामुळे १८३६ मध्ये त्यांना स्वदेशी परतावे लागले. अपुरे राहिलेले ते काम टॉमस कँडी यांनी तडीस नेले आणि १८४७ मध्ये तो कोश प्रसिद्ध झाला. वृत्तीने मोल्सवर्थ अत्यंत धर्मनिष्ठ होते, आणि त्या श्रद्धेच्या ओढीनेच त्यांनी लष्करी पेशाचा त्याग केला होता.

पंधरा वर्षांनी, म्हणजे १८५१ मध्ये, मराठी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी ते पुन्हा या देशात आले. वय छप्पन्न वर्षांचे, प्रकृती नाजूक, लांबचा समुद्रप्रवास. तरीही एका परभाषेसाठी ते परतले. ही दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये मुंबईत छापून निघाली. देशाच्या उत्तर भागात त्या वर्षी रणकंदन चालू होते, मुंबई विद्यापीठाची स्थापना त्याच वर्षी झाली, आणि त्याच वर्षी हा नऊशेंहून अधिक पानांचा, सुमारे ६० हजार शब्दांचा ग्रंथ मराठी भाषेला मिळाला. डॉ. जॉन विल्सन यांनी त्यास मराठी भाषेची घडण आणि तिचा प्रसार यांविषयी प्रास्ताविक टिपण जोडले. पुढे मोल्सवर्थ मायदेशी परतले आणि १८७१ मध्ये निवर्तले.

हा कोश चाळणाऱ्याला प्रथम जाणवते ती त्यातील भाषेची सर्वसमावेशकता. शास्त्रीपंडितांचे संस्कृत शब्द त्यात आहेत, दरबारातून आलेले फारसी-अरबी शब्द आहेत, आणि त्यांच्या शेजारीच मोट, रहाट, नांगर, जाते, मुसळ, ओटी, माजघर, पडवी हे शेताघरातले शब्दही बसले आहेत. कोकणातील शब्द आहेत, देशावरील आहेत. म्हणी आणि वाक्प्रचार आहेत. कुरकुर, चिरचिर, भणभण असे नादावरून झालेले शब्द, ज्यांना एरवी कोणी पंडित कोशात थारा दिला नसता, तेही मोल्सवर्थ यांनी बारकाईने टिपले. विटीदांडूपासून पूजाविधीपर्यंत, शिवीपासून आशीर्वादापर्यंत जे जे बोलले जात होते ते नोंदविण्याकडे त्यांचा कल होता. मराठी माणसाच्या जिभेवर या परक्या आडनावाचेही रूप पालटले. मोल्सवर्थचे मोलेसर झाले, आणि त्यांच्या विद्वत्तेमुळे पुढे शास्त्री ही उपाधी लागून लोक त्यांना मोलेसरशास्त्री म्हणू लागले. एखाद्या आडनावाला याहून मोठी पदवी मिळाल्याचे आमच्या वाचनात नाही.

कोशाचा वंश पुढे चालू राहिला. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याची संक्षिप्त आवृत्ती तयार केली. दाते आणि कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध केलेल्या महाराष्ट्र शब्दकोशालाही याच शब्दभांडाराचा मोठा आधार लाभला. १९७५ मध्ये पुण्यात मूळ कोशाचे पुनर्मुद्रण झाले. आता शिकागो विद्यापीठाने तो संगणकाच्या जाळ्यावर ठेवला आहे. जगाच्या कोणत्याही कोपऱ्यात बसलेल्या मराठी माणसाला तो विनामूल्य पाहता येतो.

आपल्यासारख्या दूरदेशी वसलेल्या कुटुंबांना या चरित्रातून एक गोष्ट विशेष घेण्याजोगी वाटते. गाव सोडून गेलेले लोक कधी कधी गावापेक्षाही जुने शब्द जपून ठेवतात. सतराव्या शतकात तंजावरला गेलेल्या मराठी कुटुंबांच्या बोलीत महाराष्ट्रातून लोपलेली कित्येक रूपे टिकून राहिली, हे भाषाभ्यासकांनी दाखविले आहे. आपल्या मंडळातील घरांतही कोणी खानदेशातून, कोणी वऱ्हाडातून, कोणी तळकोकणातून आपापले शब्द बरोबर आणले आहेत. आजी ज्या शब्दाने विळीला, शिंक्याला, सणाच्या एखाद्या पक्वान्नाला हाक मारते, तो शब्द नातवंडांना कळेनासा होत चालला आहे. नातवंडांचा यात अपराध नाही; शाळेची भाषा वेगळी, रस्त्यावरची भाषा वेगळी, आणि घरात बोलण्यास वेळ थोडा.

आडनाव आपोआप पुढे जाते. शब्द आपोआप पुढे जात नाहीत. ते कोणीतरी टिपावे लागतात. सोलापूरकडे असलेल्या एका परक्या तरुणाला हे उमगले आणि त्याने त्यापायी उमेदीची वर्षे वेचली. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या शुभप्रसंगी सभासदांपुढे आमची एक नम्र सूचना आहे. मंडळाच्या ग्रंथालयात मोल्सवर्थ यांच्या कोशाची एक प्रत असावी, आणि तिच्या शेजारी एक कोरी वही ठेवावी. ज्या गावाचे नाव आपल्या दारावरील पाटीवर आहे, त्या गावाचे चार शब्द प्रत्येक कुटुंबाने त्या वहीत लिहावेत आणि खाली सांगणाऱ्याचे नाव अवश्य घालावे. क्रमवंत आणि घगवे यांच्या वाट्याला जी उपेक्षा आली, ती निदान आपल्या आज्या-आजोबांच्या वाट्याला येऊ नये.