इतिहासकार डी. डी. कोसंबींच्या गणिताचा इंटरनेटशी काय संबंध?

दामोदर धर्मानंद कोसंबी म्हटलं की प्राचीन भारताचा इतिहास आठवतो. पण त्यांचा मूळ पेशा गणिताचा.

३१ जुलै १९०७ ला गोव्यात जन्म. वडील धर्मानंद कोसंबी म्हणजे पाली आणि बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक. दामोदर १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. परतल्यावर बनारस, अलीगढ आणि मग पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं. जुनी नाणी तोलून, त्यांची झीज मोजून ते इतिहासाचे दुवेही शोधायचे.

१९४३ मध्ये त्यांनी एक शोधनिबंध छापला. त्याचं सार असं: सतत वरखाली होणारी कुठलीही गोष्ट काही ठरावीक मूळ आकारांत मोडता येते. त्यातले पहिले मोजकेच आकार बहुतेक चढउतार सांगून टाकतात.

सोपं करू. समजा, जळगावच्या मेहरूण तलावावरची गर्दी तुम्ही रोज मोजताय. सकाळी फिरणारे, दुपारी शुकशुकाट, रविवारी जास्त माणसं. हा झाला नेहमीचा साचा. तो वजा केला की उरतं अगदी थोडं. एखाद्या मंगळवारी भरदुपारी ते उरलेलं एकदम वाढलं, तर समजायचं, काहीतरी वेगळं घडलंय.

नेटवर्कचंही तसंच. २००४ मध्ये बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी याच कल्पनेचं सख्खं भावंड असलेली पद्धत वापरली. त्यांनी नेहमीचा ट्रॅफिक बाजूला काढला आणि उरलेल्यातून गडबड हुडकली. २००५ मध्ये त्यांनी क्लॉड शॅनन यांच्या माहिती सिद्धांतातली एन्ट्रॉपीही जोडीला घेतली. एन्ट्रॉपी म्हणजे विखुरलेपणाचं माप. हल्ल्यात हजारो कॉम्प्युटर एकाच सर्व्हरवर तुटून पडले, की पाठवणाऱ्या पत्त्यांची एन्ट्रॉपी वाढते आणि पोहोचण्याच्या पत्त्यांची घसरते. एकूण ट्रॅफिक फारसा वाढला नाही तरी चोरी पकडता येते.

मग कोसंबींचं नाव का ऐकू येत नाही? त्यांच्यानंतर काही वर्षांनी फिनलंडचे कारहुनेन आणि फ्रान्सचे लोएव्ह स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले. प्रमेयाला नाव त्या दोघांचं पडलं.

इकडे कोसंबी १९४५ पासून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. डेक्कन क्वीनने पुणे-मुंबई ये-जा करायचे. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. २९ जून १९६६ ला, वयाच्या ५८ व्या वर्षी ते गेले.

आता काही अभ्यासक त्या प्रमेयाला कोसंबी-कारहुनेन-लोएव्ह म्हणतात. पुढच्या वेळी हे प्रमेय कुठे दिसलं, तर पहिलं नाव आपणच जोडून वाचायचं.