दारूगोळ्याच्या खोक्यात रक्त साठवणारा डॉक्टर : जगातली पहिली ब्लड बँक अशी सुरू झाली

खारघरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज अधूनमधून येतोच. अमुक ग्रुपचं रक्त हवंय, पेशंट टाटाच्या ॲक्ट्रेकमध्ये आहे. केमोमुळे शरीरात रक्त तयार होण्याचं काम मंदावतं, त्यामुळे कॅन्सरच्या पेशंटला पिशव्यांवर पिशव्या लागतात. मग ग्रुपवर कुणीतरी विचारतं की रक्त ताजंच लागेल का, फ्रिजमधलं चालेल का.

चालतं. लाल पेशींची पिशवी 2 ते 6 अंश तापमानात 42 दिवसांपर्यंत टिकते. आणि साठवलेलं रक्त माणसाला वाचवू शकतं हे रणांगणावर दाखवून दिलं ऑस्वाल्ड होप रॉबर्टसन यांनी, 1917 साली.

रॉबर्टसन यांचा जन्म 1886 चा, इंग्लंडमधल्या वुलिचचा. ते तान्हे असतानाच घरचे कॅलिफोर्नियात जाऊन राहिले. पुढे हार्वर्डमधून डॉक्टर होऊन ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राऊस यांच्या हाताखाली कामाला लागले. ही नोकरी सगळ्यात महत्त्वाची ठरली.

कारण तेव्हा रक्त देणं म्हणजे दिव्य होतं. शरीराबाहेर आलेलं रक्त काही मिनिटांत गोठतं. म्हणून देणारा आणि घेणारा शेजारी शेजारी झोपवून काम उरकावं लागे. रक्तात सायट्रेट घातलं की ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि रक्त गोठत नाही, हे 1914-15 च्या सुमारास कळलं होतं. पण न गोठणं वेगळं आणि पेशी जिवंत राहणं वेगळं. राऊस आणि टर्नर यांनी 1916 मध्ये सायट्रेटच्या जोडीला ग्लुकोज घातलं. पेशींचा डबाच म्हणा ना! थंडीत ठेवलेल्या माणसाच्या लाल पेशी या द्रावणात चार आठवडे टिकल्या. सशांना तर साठवलेलं रक्त देऊनही पाहिलं. माणसाला द्यायचं तेवढं बाकी होतं.

1917 मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि रॉबर्टसन मे महिन्यात हार्वर्डच्या वैद्यकीय पथकासोबत फ्रान्सला पोचले. तिथे सैनिक गोळीपेक्षा रक्तस्रावाने जात होते. लढाई पेटली की एका तासात शेकडो जखमी येणार, मग ऐनवेळी रक्तदाते शोधायचे कधी? रॉबर्टसन यांनी हे गणितच उलटं केलं. लढाईच्या आधीच रक्त गोळा करून ठेवायचं.

रक्त फक्त ओ ग्रुपच्या दात्यांचं घ्यायचं, म्हणजे जखमीचा ग्रुप तपासण्यात वेळ जाणार नाही. (ओ सगळ्यांना चालतो, पण मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 1952 मध्ये जगासमोर आणलेल्या बॉम्बे ब्लड ग्रुपवाल्यांना तोही चालत नाही.) रक्त काचेच्या बाटलीत राऊस-टर्नर द्रावणात मिसळायचं. काही दिवसांत लाल पेशी तळाशी बसल्या की वरचं पाणी नळीने काढून टाकायचं. द्यायच्या वेळी उरलेल्या पेशी जिलेटिनच्या द्रावणात पुन्हा पातळ करायच्या. आज आपण ज्याला पॅक्ड सेल म्हणतो, त्याचा हा आजोबा. फ्रिज नव्हता, म्हणून दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांची बर्फाची पेटी केली, भोवती भुसा भरला आणि ती गाडीत टाकून आघाडीजवळच्या उपचार केंद्रात नेली.

नोव्हेंबर 1917 मध्ये कँब्रेची लढाई सुरू झाली. मरणाच्या दारात असलेल्या 20 सैनिकांना रॉबर्टसन यांनी हे रक्त दिलं. 11 वाचले. आकडा लहान वाटेल, पण हे असे जखमी होते ज्यांची आशा जवळपास सोडलेली होती. 26 दिवसांचं जुनं रक्तही त्यांनी वापरलं. 1918 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा लेख आला.

आणि मग जग हे विसरलं! ब्लड बँक हा शब्द रूढ झाला तो 1937 मध्ये, शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलमध्ये बर्नार्ड फँटस यांनी सुरू केलेल्या केंद्रामुळे. गंमत म्हणजे रॉबर्टसन तेव्हा शिकागोतच होते, विद्यापीठात प्राध्यापक. मधली काही वर्षं त्यांनी पेकिंगच्या मेडिकल कॉलेजात काढली होती आणि आता त्यांचा विषय होता न्यूमोनिया.

ताज्या रक्ताच्या हट्टाचं काय? 2015 आणि 2016 मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत ताजं रक्त घेणाऱ्या आणि जुनं रक्त घेणाऱ्या पेशंटच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही. नवजात बाळांसारखे काही अपवाद डॉक्टर ठरवतात. बाकी ग्रुपवर ताज्या रक्तासाठी वाद घालण्यापेक्षा मे महिन्यात, कॉलेजं बंद आणि लोक गावी असताना रक्त दिलेलं जास्त उपयोगी, असं माझं मत.

निवृत्तीनंतर रॉबर्टसन कॅलिफोर्नियात माशांच्या मागे लागले. सॅमन मासा अंडी घातल्यावर मरतो, तो का? त्याच्या शरीरात त्यांना माणसातल्या कुशिंग सिंड्रोमसारखे बदल दिसले. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते हार्वे कुशिंग 1917 मध्ये फ्रान्सला गेलेल्या त्याच पथकात होते.

रॉबर्टसन मार्च 1966 मध्ये वारले. त्याच वर्षी राऊस यांना 87 व्या वर्षी नोबेल मिळालं, पण रक्तासाठी नाही. कोंबडीतला कॅन्सर विषाणूमुळे होतो, हे त्यांनी 1911 मध्येच दाखवलं होतं, त्यासाठी.