नाण्यावरचा चेहरा : गौतमीपुत्र सातकर्णी

कैसराला कर द्यावा की नाही, या प्रश्नावर प्रभू येशूने नाणे मागवून घेतले, तो प्रसंग वाचकांच्या परिचयाचा आहे. रोमी साम्राज्यात नाणे म्हणजे सम्राटाच्या सत्तेची हातोहात फिरणारी खूण होती. ब्राँझची नाणी तर गरिबाच्याही हाती पडत. म्हणूनच कलिगुला सम्राटाच्या वधानंतर, इ. स. ४३ मध्ये, रोमच्या सिनेटने त्याची मुखमुद्रा असलेली ब्राँझची नाणी वितळविण्याचे ठरविले.

आपल्या नाशिकच्या भूमीवर एका राजाने निराळा मार्ग पत्करला. हा राजा म्हणजे सातवाहन घराण्यातील गौतमीपुत्र सातकर्णी. इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांच्या सुमारास तो होऊन गेला. आई गौतमी बलश्री हिच्या नावानेच तो ओळखला जातो. त्या काळी नाशिक व सोपारा क्षहरात वंशातील नहपानाच्या ताब्यात होते. पाश्चात्त्य धर्तीवर नहपानाने चांदीच्या नाण्यांवर आपला चेहरा व ग्रीक अक्षरे उमटविली होती. गौतमीपुत्राने क्षहरातांचा पूर्ण पराभव केला.

इ. स. १९०६ मध्ये जोगलटेंभी येथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक नाणी सापडली. घोटी-इगतपुरीकडून येणारी दारणा गोदावरीला मिळते, त्याच परिसरातले हे गाव. यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा ठसा मारलेला आहे. एका बाजूस तीन कमानींचा डोंगर व ब्राह्मी लिपीत राजाचे नाव. दुसऱ्या बाजूस फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे. (हे चिन्ह क्रूसासारखे भासले, तरी ख्रिस्ती क्रूसाशी त्याचा संबंध नाही.) चांदी वितळविली नाही, चलन थांबले नाही, केवळ धनी बदलला. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखाली नहपानाचे नाक-डोळे आजही दिसतात.

मला मात्र या राजाची खरी ओळख पांडवलेण्यांतील एका आदेशात पटते. राज्याच्या २४व्या वर्षी, आईसह, त्याने तो दिला. भिक्षूंना पूर्वी दिलेले शेत कसले जात नव्हते, गावही ओस पडले होते. तेव्हा त्याऐवजी राजाच्या मालकीच्या शेतातील १०० निवर्तने जमीन देण्यात आली. पुत्राच्या निधनानंतर, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी, वृद्ध बलश्रीने तेथेच त्याची थोरवी कोरविली. त्यात विजयांबरोबरच न्यायाने कर घेणारा, प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होणारा राजा म्हणून त्याचे स्मरण आहे.

याच पुळुमावीने पुढे चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा चेहरा उमटविला.