चित्र हलवणारा इंजिनीअर

पाळण्यावर टांगलेलं चिमणाळं तुम्ही पाहिलंच असेल. झुळूक आली की चिमण्या गोल फिरतात आणि बाळ टक लावून बघत राहतं. आता चिमण्यांच्या जागी अमूर्त चित्रातले लाल, काळे, पिवळे आकार आहेत आणि ते म्युझियमच्या छताखाली संथपणे तरंगताहेत, अशी कल्पना करा. हा उद्योग करणाऱ्याचं नाव अलेक्झांडर काल्डर. इंजिनीअरिंगवाल्यांनो, जरा कान इकडे द्या. हा गडी तुमच्यातलाच, मेकॅनिकलचा!

काल्डर १८९८ मध्ये अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात जन्मला. आजोबा आणि वडील शिल्पकार, आई चित्रकार. तरी पोराने १९१९ मध्ये डिग्री घेतली ती इंजिनीअरिंगची. पुढे कधी ड्राफ्ट्समन, कधी जहाजाच्या बॉयलरपाशी, तर कधी लाकूडतोडीच्या कॅम्पवर कामाच्या वेळा टिपणारा. मन कशातच लागेना. शेवटी १९२३ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये नाव घातलं आणि १९२६ मध्ये पॅरिस गाठलं. तिथे तारा, कापड आणि बुचं जोडून त्याने चिमुकली सर्कस बनवली. तिचे खेळ तो स्वतःच्या हातांनी करून दाखवायचा.

१९३० च्या ऑक्टोबरमध्ये तो पीट मोंद्रियान या डच चित्रकाराच्या स्टुडिओत गेला. हो, तेच, काळ्या रेघा आणि रंगीत चौकोनवाले! पांढऱ्या भिंतीवर पुठ्ठ्याचे रंगीत आयत टाचलेले होते. ते बघून काल्डरमधला इंजिनीअर जागा झाला. हे आयत हलते केले तर काय मजा येईल, असं त्याने सुचवलं. मोंद्रियानने साफ नकार दिला. आपलं चित्र आहे तसंच पुरेसं वेगवान आहे, असं त्याचं म्हणणं.

तुम्ही असता तर काय केलं असतं? काल्डर वाद घालत बसला नाही. घरी येऊन त्याने काही आठवडे स्वतःच अमूर्त चित्रं रंगवली. पण हात तारेतच रमणारा, म्हणून पुन्हा पक्कड उचलली. चित्रातला आकार कागदावरून उचलून हवेत ठेवायचा, असं त्याने ठरवलं. सुरुवातीला काही शिल्पांना मोटर लावली. १९३१ मध्ये मार्सेल द्युशाँने या हलत्या शिल्पांना 'मोबाइल' हे नाव दिलं. तुमच्या खिशातल्या मोबाइलच्या कितीतरी आधी! पण मोटर तीच ती हालचाल करत राहते. मग काल्डरने चालवण्याचं काम वाऱ्यावर सोपवलं.

यातली गंमत म्हणजे जी डिग्री वाया गेली असं वाटत होतं, तीच इथे कामाला आली. मोबाइल म्हणजे एकमेकांना लटकलेले तराजू. जड तुकडा टेकूजवळ, हलका लांब: वजन गुणिले अंतर, दोन्हीकडे सारखं. शाळेतला तरफेचा नियम, दुसरं काही नाही.

१९५२ मध्ये व्हेनिस बिएनालेत काल्डरला शिल्पकलेचं मोठं पारितोषिक मिळालं. १९५५ मध्ये तो भारतात आला आणि गीरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून अहमदाबादला राहून त्याने तिथेच शिल्पं बनवली. १९७६ मध्ये, न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन चालू असतानाच तो गेला.

या रविवारी एक करून बघा. आवडतं अमूर्त चित्र घ्या, त्यातले आकार पुठ्ठ्यावर कापा, तार आणि दोरा घ्या. सगळ्यात खालच्या काडीपासून सुरुवात करा. ती समतोल झाली की दोऱ्याने वरच्या काडीला टांगा, मग त्याच्या वरची. वरून सुरू केलंत तर प्रत्येक नव्या तुकड्याला आधीचा तोल बिघडेल. पूर्ण झालं की पंखा एकवर ठेवा आणि लांब उभे राहा.