उंटांच्या वाटेवरचा चित्रकार : अल्बर्ट नमतजिरा



आपल्या आज्या-पणज्यांनी गाण्याची शाळा कधी पाहिली नव्हती. पण पहाटे जात्यावर बसल्या की ओवी आपसूक ओठांवर येई. कोठीवर दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे रात्री झाकरीचा फेर धरीत. त्यांना कोणी कलावंत म्हटले नाही आणि त्यांनीही स्वतःला तसे मानले नाही. काम आणि कला यांच्यामध्ये भिंत असते ही कल्पनाच त्यांच्या घरी नव्हती. पुढे आपण शिकलो, शहाणे झालो आणि कलावंत म्हणजे रोजच्या कामधंद्यापासून दूर बसलेला कोणी निराळा माणूस असे समजू लागलो.

हा समज किती पोकळ आहे ते दाखवणारे एक चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते आहे ऑस्ट्रेलियाचे आदिवासी चित्रकार अल्बर्ट नमतजिरा यांचे.

ऑस्ट्रेलिया आपल्याला परका देश नाही. आपल्यातील कित्येक घरांची मुलेबाळे मेलबर्न, सिडनी, पर्थ येथे स्थायिक झाली आहेत. शिवाय त्या खंडाला गलबतातून प्रदक्षिणा घालून किनारा रेखणारे मॅथ्यू फ्लिंडर्स १८०३ च्या डिसेंबरात आपल्याच बेटावर उतरले होते. फ्रेंच गव्हर्नराने त्यांना सहा वर्षांहून अधिक काळ येथे अडकवून ठेवले, आणि त्या मुक्कामातच १८०४ साली त्यांनी ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढला. बे द्यु कापच्या किनाऱ्यावर त्यांचे स्मारक आहे. त्या नकाशात किनारा होता, पण मधला सारा प्रदेश कोरा होता. या मधल्या प्रदेशाचे रंग शहरांतल्या घराघरांत नेले ते पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी जन्मलेल्या एका उंटवाल्याने.

नमतजिरा यांचा जन्म २८ जुलै १९०२ रोजी हर्मन्सबर्ग येथे झाला. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या गावापासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, फिंक नदीच्या काठी, जर्मन लुथरन पाद्र्यांनी १८७७ साली हे मिशन वसवले होते. मुलगा अरंडा जमातीचा. घरचे नाव एलिआ. १९०५ साली आईबापांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मुलाचे नाव अल्बर्ट झाले. वडिलांचे मूळ नाव नमतजिरा, तेच पुढे त्यांचे आडनाव ठरले.

या मुलाचे शिक्षण दोन शाळांत झाले म्हणायचे. एक मिशनची शाळा. तिथे लिहिणे-वाचणे, प्रार्थना आणि शिस्त. दुसरी शाळा रानातली. तेराव्या वर्षाच्या सुमारास जमातीच्या रीतीप्रमाणे त्याला दीक्षेसाठी कित्येक महिने वडीलधाऱ्यांबरोबर रानात राहावे लागले. कोणता डोंगर कोणत्या पूर्वजाचा, कोणत्या खडकाशी कोणती कथा जोडलेली, पाणी कुठे लागते, कुठे पाऊल टाकायचे नाही, हे सारे तिथे शिकवले जाई. आपल्याकडे स्थळपुराण असते ना, तसेच. फरक एवढाच की त्यांची पोथी लिहिलेली नव्हती. ती जमिनीवर पसरलेली होती आणि चालतच वाचावी लागे.

अठराव्या वर्षी अल्बर्टने इल्कलिता नावाच्या शेजारच्या जमातीच्या मुलीशी लग्न केले. जमातीच्या नियमांत हे लग्न बसत नव्हते. त्यामुळे दोघांना काही वर्षे बाहेर काढावी लागली. या काळात अल्बर्टने उंट हाकण्याचे काम धरले. १९२३ साली जोडपे मिशनवर परतले. इल्कलिताचे ख्रिस्ती नाव रुबिना झाले.

उंट तिथे कुठून आले, असे वाचक विचारतील. ते आपल्या हिंदुस्थानाकडूनच गेले. १८६६ साली कराचीहून उंटांचा मोठा कळप आणि त्यांना सांभाळणारी माणसे दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरली. त्या माणसांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांत सिंधी, बलुची, पंजाबीही होते. रेल्वे आणि मोटारी येईपर्यंत मध्य ऑस्ट्रेलियाचे पीठ, साखर, लोखंड, टपाल सारे काही उंटाच्या पाठीवरूनच जाई.

उंटवाल्याचे काम हळू चालण्याचे. त्याला डोळे उघडे ठेवूनच चालावे लागते. पुढचे पाणी किती अंतरावर आहे, सावली कुठल्या कड्याला कधी येईल, संध्याकाळी मुक्काम कुठे करायचा, हे चुकले तर जिवावर बेतते. डोंगर सकाळी तांबडा, दुपारी फिकट आणि मावळतीला जांभळा कसा होतो हे नमतजिरा यांना कोणी चित्रकलेच्या वर्गात शिकवले नाही. हजारो वेळा त्याच वाटेने जाऊन ते डोळ्यांत मुरले होते. मिशनवर शिध्याच्या मोबदल्यात त्यांनी लोहारकाम केले, सुतारकाम केले, आसपासच्या गुरांच्या मळ्यांवर मजुरीही केली. हातोडा आणि रंधा धरणारा हात पुढे कुंचला धरताना थरथरला नाही, याचे आम्हांला नवल वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरीस त्या भागात मोठा दुष्काळ पडला. भाजीपाला नाही, पाणी नाही. मिशनवर स्कर्व्ही रोगाने लहान मुले दगावली. अशा दिवसांत चार पैसे मिळावेत म्हणून मिशनचे लोक बूमरँग करीत, मुल्गा नावाच्या कठीण लाकडाच्या फळ्यांवर तापलेल्या तारेने नक्षी काढीत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना विकीत. नमतजिरा यांची कला सुरू झाली ती इथे, पोट भरण्याच्या धडपडीत.

१९३४ साली रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर या दोन गोऱ्या चित्रकारांनी मिशनच्या शाळेत आपल्या जलरंगांतील चित्रांचे प्रदर्शन मांडले. चित्रांत हर्मन्सबर्गच्याच आसपासचे डोंगर होते. आपला रोजचा डोंगर कागदावर उतरू शकतो, आणि लोक त्याला पैसेही देतात, हे नमतजिरा यांनी तिथे पाहिले. १९३६ साली बॅटरबी पुन्हा आले. ते पहिल्या महायुद्धात जबर जखमी झालेले सैनिक होते. नमतजिरा यांनी त्यांच्याशी सरळ व्यवहार ठरवला. उंट मी सांभाळतो, वाट मी दाखवतो, तुम्ही मला रंग शिकवा. महिन्या-महिन्याच्या दोन फेऱ्या झाल्या, पाम व्हॅलीत आणि मॅकडॉनेल डोंगररांगेत. एवढेच त्यांचे रीतसर शिक्षण. रंग पातळ कसा करायचा, कागद कसा भिजवायचा हे शिकायला दोन महिने पुरले, कारण चित्र डोक्यात आधीच तयार होते.

जलरंगाचे साधन त्यांच्या जीवनक्रमात चपखल बसले. लहानशी पेटी, कागद आणि वाटीभर पाणी, एवढे सामान उंटाच्या ओझ्यात सहज मावते. कोरड्या हवेत रंग लवकर वाळतो. झाडाखाली मांडी घालून बसायचे, चित्र करायचे, पुढे चालू लागायचे.

१९३८ च्या डिसेंबरात मेलबर्नला त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. ४१ चित्रे मांडली होती, ती तीन दिवसांत खपली. पुढच्याच वर्षी अ‍ॅडलेडच्या सरकारी कलादालनाने त्यांचे हास्ट्स ब्लफचे चित्र विकत घेतले. पांढऱ्या सालीचे गमवृक्ष, त्यांच्यामागे निळे-जांभळे डोंगर, खाली तांबडी माती, अशी त्यांची चित्रे छापील रूपात ऑस्ट्रेलियातल्या घराघरांत टांगली गेली. १९४४ साली देशातील नामांकित व्यक्तींच्या ग्रंथात त्यांचे नाव आले. १९५३ साली राणीच्या राज्यारोहणाचे पदक मिळाले. १९५४ साली कॅनबेरात राणी एलिझाबेथ यांच्यापुढे त्यांना सन्मानाने उभे केले गेले. १९५६ साली विल्यम डार्गी यांनी काढलेल्या त्यांच्या व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड पारितोषिक लाभले.

इथपर्यंतचे चरित्र वाचून कोणालाही वाटेल की, भाग्य फळले. परंतु खरी गोष्ट पुढेच आहे.

त्या काळी उत्तर प्रदेश नावाच्या त्या मुलखात आदिवासींना नागरिक मानीत नसत. बहुतेक सर्वांना सरकारचे पाल्य ठरवले होते. म्हणजे वयाने बाप झालेला, आजा झालेला माणूसही कायद्याच्या दृष्टीने अजाण बालक! नमतजिरा यांच्याकडून प्राप्तिकर घेतला जाई, पण मताचा अधिकार नव्हता. गुरे चारण्यासाठी जमीन भाडेपट्ट्याने मागितली, ती नाकारली गेली. १९५१ साली अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे घर बांधायचे ठरवले, तेही नाकारले गेले, कारण आदिवासींनी रात्री गावात राहायचे नाही असा नियम होता. ज्यांची चित्रे गावातल्या दिवाणखान्यांत टांगलेली, ते स्वतः गावाबाहेर मॉरिस सोक येथे कोरड्या ओढ्याकाठच्या वस्तीत राहत होते. आपल्या पूर्वजांनाही एके काळी फोटो चिकटवलेला कागद खिशात ठेवल्यावाचून कोठीबाहेर पाऊल टाकता येत नसे. म्हणून या अपमानाची जात आम्हांला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

मिळकत भरपूर असूनही ते गरीबच राहिले. त्याचे कारण त्यांच्या लोकांची रीत. एकाने शिकार आणली तर ती सर्व नातलगांची. चित्राचा पैसाही तसाच वाटला जाई. गोऱ्या मित्रांना ही उधळपट्टी वाटे. पण या माणसाने आयुष्यभर जे डोंगर रंगवले ते त्याच नात्यांचे डोंगर होते, आईकडच्या आणि वडिलांकडच्या भूमीचे. नाती सांभाळणे आणि चित्र काढणे ही त्यांच्या लेखी दोन वेगळी कामे नव्हती.

१९५७ साली सरकारने पाल्यांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा तीत नमतजिरा आणि रुबिना यांची नावे वगळली. म्हणजे दोघे नागरिक झाले. मत देता येईल, घर बांधता येईल, दारूही विकत घेता येईल. पण मुले आणि भाऊबंद पाल्यच राहिले! आता नातलगाबरोबर घोटभर दारू वाटून घेतली की कायद्याने गुन्हा, आणि वाटून घेतली नाही की जमातीच्या रीतीने गुन्हा. एका माणसाला दोन कायद्यांच्या जात्यात घालण्याचाच हा प्रकार होता.

व्हायचे तेच झाले. १९५८ साली मॉरिस सोकच्या वस्तीत दारूच्या भरात एका स्त्रीचा खून झाला. वस्तीत दारू आणल्याबद्दल चौकशीत नमतजिरा यांना बोल लावला गेला. पुढे एका नातलग चित्रकाराला दारू पुरवल्याच्या आरोपाखाली त्यांना सहा महिन्यांची सक्तमजुरी झाली. आम्ही दारूचे समर्थन करीत नाही. तिने आपल्याही किती घरांची राखरांगोळी केली ते वाचक जाणतात, आणि त्या स्त्रीचा जीव गेला ही गोष्ट विसरता येणार नाही. पण एकाला नागरिक करून त्याच्या मुलाबाळांना पाल्य ठेवणारा कायदा हा त्या प्रसंगाचा एक आरोपी होता, हेही सांगितले पाहिजे. देशभर गहजब झाला. अपिलात शिक्षा तीन महिन्यांवर आली, आणि १९५९ साली दोन महिने पापुन्या वसाहतीत काढल्यावर त्यांना सोडण्यात आले.

ते सुटले खरे, पण आतून खचले होते. कुंचल्यात पूर्वीचे मन राहिले नव्हते. ८ ऑगस्ट १९५९ रोजी अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या रुग्णालयात हृदयविकार आणि न्यूमोनिया यांनी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५७ वर्षे. सुमारे दोन हजार चित्रे ते मागे ठेवून गेले.

मरणानंतरही उपेक्षा संपली नाही. बरेच टीकाकार म्हणत की, ही गोऱ्यांच्या चित्रांची नक्कल आहे, आदिवासी कला नव्हे. पुढच्या अभ्यासकांना उमगले की, यातील बहुतेक डोंगर, कडे, झाडे ही पूर्वजांची स्थाने आहेत. ज्याला परदेशी पद्धतीचे देखावे समजले होते ते त्यांच्या घरचे स्थळपुराणच होते. चित्रांच्या छपाईचे हक्कही कुटुंबाच्या हातून गेले. १९५७ साली ते एका प्रकाशन संस्थेकडे गेले होते, आणि उरलासुरला वाटा १९८३ साली सरकारी विश्वस्ताने साडेआठ हजार डॉलरांना विकून टाकला. ते हक्क कुटुंबाच्या न्यासाकडे परत यायला २०१७ साल उजाडावे लागले.

तरी पेरलेले वाया गेले नाही. एनोस, ऑस्कर, इवाल्ड, कीथ आणि मॉरिस हे पाचही मुलगे चित्रकार झाले. ज्या पापुन्यात त्यांनी शिक्षा भोगली, तिथेच १९७१ साली आदिवासी वडीलधाऱ्यांनी आपल्या कथा फलकांवर रंगवायला घेतल्या, आणि ती चित्रकला आज जगभर मानली जाते. २०२० साली आर्चिबाल्ड पारितोषिक व्हिन्सेंट नमतजिरा या चित्रकाराला मिळाले. ते मिळवणारे ते पहिले आदिवासी चित्रकार, आणि अल्बर्ट नमतजिरा यांचे पणतू. १९५६ साली पणजोबांचे चित्र काढून दुसऱ्याने जे पारितोषिक मिळवले, ते ६४ वर्षांनी पणतूने स्वतःच्या हाताने मिळवले.

वाचकहो, आपली मुले नोकरीधंदा सांभाळून कोणी पेटी वाजवतो, कोणी झाकरीची गाणी जमवतो, कोणी गणपतीची मूर्ती हाताने घडवतो. पोटापाण्याचे बघा, हे छंद पुरे झाले, असे आपण त्यांना सहज बोलून जातो. तसे बोलण्यापूर्वी या उंटवाल्याची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती. आणि मुलानातवंडांना भेटायला ऑस्ट्रेलियाला जाणे झाले, तर बाजारहाट आणि समुद्रकिनारा झाल्यावर तासभर काढून एखाद्या कलादालनात डोकवावे. पांढऱ्या सालीचे झाड आणि मागे जांभळा डोंगर दिसला, तर खालचे नाव जरूर वाचावे.