पिवळाधमक गूळ आणि कमलाबाई

संक्रांतीचा गूळ आणायला शाहू मार्केट यार्डात गेले होते. माझा हात नेहमीसारखा पिवळ्याधमक ढेपेकडे गेला, तर सासूबाईंनी तो मागे ओढला आणि तांबूस, काळपट ढेप घ्यायला लावली. येताना मला कमला सोहोनी आठवल्या.

१९११ साली इंदूरला जन्मलेल्या कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत त्यांची बहीण. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबईत बी.एस्सी.ला पहिल्या येऊनही बंगळूरच्या विज्ञान संस्थेत त्यांना नकार मिळाला. कारण काय, तर बाई! आणि नकार देणारे साक्षात सर सी. व्ही. रामन. पण कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला. त्यांचं काम पाहून पुढे इतर मुलींनाही तिथलं दार उघडलं. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी, नीरा, ताडगूळ अशा गोरगरिबांच्या खाण्यातलं पोषण शोधलं. नीरेवरच्या कामाला राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळाला. पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. १९६६ मध्ये नऊ बायकांनी मुंबईत सुरू केलेल्या ग्राहक संस्थेतही त्या रमल्या, अध्यक्ष झाल्या. भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे बायकांना शिकवलं. १९९८ मध्ये त्या गेल्या.

आता आपल्या गुऱ्हाळाचंच बघा ना. काहिलीत रस उकळताना जुने गुळवे भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्याला धरून मळी वर येते, ती काढून टाकायची. हेही रसायनशास्त्रच की! पण गूळ उजळ दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉस पावडर टाकतात. तिच्यातलं गंधक गुळात उरतं, आणि रंग तर काही दिवसांत पुन्हा काळवंडतोच. घातक पदार्थ आधी वापरून मग निस्तरत बसण्यापेक्षा मुळात वापरायचाच नाही, यालाच आता हरित रसायनशास्त्र म्हणतात.

मैत्रिणींनो, हा पिवळा रंग मागतं कोण? आपणच ना? नुसत्या रंगावरून खात्री होत नाही, हे खरं. म्हणून मी त्या दिवशी दुकानदाराला विचारलंच, गुळात हायड्रॉस आहे का? तो जरा चपापला, मग आतून दुसरी ढेप काढून दिली. पुढच्या खेपेला तुम्हीही विचारा.