सातारच्या शाळेतला भीवा



परीक्षा जवळ आली की आपल्या घरांतून एकच सूर निघतो. आमच्या मुलाला बाबासाहेबांसारखी बुद्धी कुठून आणायची? मग कुणी गुपचूप नारळ फोडतो, कुणी पोराच्या दंडाला ताईत बांधतो. धम्मदीक्षा झाली, देव्हारा घराबाहेर गेला, पण ही भीती घरातच राहिली. म्हणून परमपूज्य बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेची हकीगत आज सांगावयाची आहे. तीत चमत्कार नाही. जे आहे ते आपल्याही हातचे आहे.

जतच्या बांधवांना ही हकीगत परमुलखातली वाटू नये. जत ही पूर्वी साताऱ्याच्या जहागिरींपैकी एक. आजचा सांगली जिल्हासुद्धा 1949 साली जुना सातारा जिल्हा विभागूनच दक्षिण सातारा या नावाने निघाला. त्याच सातारा गावात बाबासाहेबांचे बालपण गेले.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेला भीवा वडिलांबरोबर आधी दापोलीस व मग साताऱ्यास आला. 1896 मध्ये साताऱ्यातच आई भीमाबाई वारल्या. मुलांना मीराआत्याने सांभाळले. वडील सुभेदार रामजीबाबा लष्करी शाळेत शिक्षक होते. घरी रोज मुलांना जवळ बसवून ते ग्रंथ मोठ्याने वाचून घेत व इंग्रजीचे धडे देत. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीवाचे नाव साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. त्या शाळेच्या नोंदवहीत तो क्रमांक 1914 आहे. वर्गात बसायला घरचे गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागे.

1901 च्या सुमारास रामजीबाबा खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून तेथे सरकारने तलावाची खोदाई काढली होती. दुष्काळी काम म्हणजे काय, हे जत तालुक्याला वेगळे सांगायला नको. बाप कामाच्या गावी आणि मुले साताऱ्यात, असा तो संसार होता.

त्या दिवसांत भीवाचे मन अभ्यासात नव्हते. बागकाम करावे, शेळ्यांमागे फिरावे, हेच त्याला आवडे. पुढे वडिलांनी दुसरे लग्न केल्याचा त्याला राग आला. मुंबईस पळून जाऊन गिरणीत नोकरी धरायची असे त्याने ठरविले. भाड्याच्या पैशासाठी आत्याच्या कमरेचा बटवा पळवायचा, म्हणून तो रात्रीमागून रात्री जागला. चौथ्या रात्री बटवा हाती आला, त्यात निघाला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने त्याला लाजविले. पळून जाण्याचा बेत त्याने सोडला आणि स्वतःच्या पायावर उभे राहायचे तर मन लावून शिकले पाहिजे, असा निश्चय केला. बंधूंनो, बाबासाहेबांचा अभ्यास येथून सुरू झाला, कुणाच्या वराने नव्हे.

1904 मध्ये कुटुंब मुंबईस गेले. परळच्या चाळीत एकच खोली होती. चूल, सरपण, भांडी आणि माणसे त्या एका खोलीतच. अभ्यासाला जागाही नाही, शांतताही नाही. रामजीबाबांनी यावर उपाय काढला. मुलाला ते संध्याकाळी लवकर निजवीत आणि स्वतः रात्री दोनपर्यंत जागत. दोनला मुलाला उठवीत आणि त्याच्या जागेवर आपण आडवे होत. मग मिणमिणत्या दिव्याजवळ पहाटेपर्यंत भीमरावांचा अभ्यास चाले. हव्या त्या पुस्तकासाठी हा म्हातारा लग्न झालेल्या मुलीकडे जाई, पैसे नसले तर तिचा दागिना गहाण टाकी, पण पुस्तक आणी.

एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत नाकारले गेले म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. 1907 साली ते मॅट्रिक झाले. गुण मिळाले 750 पैकी 282. शेकडा अडतीससुद्धा नाहीत! हा आकडा आपल्या मुलांना मुद्दाम सांगा. त्यांच्या सत्कारप्रसंगी केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे 1912 मध्ये बी.ए.ची परीक्षा, 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क, 1915 मध्ये एम.ए. आणि 1923 मध्ये लंडनची डी.एस्सी. लंडनमध्ये अर्धपोटी राहून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर वाचीत, टिपणे काढीत आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचायला बसत. 282 गुण आणि डी.एस्सी. यांच्यामध्ये सोळा वर्षांची ही बैठक आहे.

आता आपण काय करावे? बुद्धांच्या अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती आहे. पाली भाषेत सति म्हणजे आठवण आणि सावधपणा दोन्ही. भगवंतांचे वचन प्रथम लेखी नव्हते. भिक्खूंनी ते शेकडो वर्षे एकत्र बसून, मोठ्याने म्हणून, एकमेकांची चूक सुधारून मुखोद्गत राखले. ग्रंथाचे भागही त्यांनी वाटून घेतले होते. आज स्मरणाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञही त्याच वाटेने जाण्यास सांगतात. धडा दहा वेळा नुसता वाचण्यापेक्षा एकदा समजून वाचावा, पुस्तक मिटावे आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहावे. मग पुस्तक उघडून चूक दुरुस्त करावी. तोच धडा दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा आठवून पाहावा. धाकट्या भावंडाला किंवा निरक्षर आईला तो समजावून सांगावा, म्हणजे कुठे अडते ते कळते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नये, कारण वाचलेले झोपेत पक्के होते. रामजीबाबांनीही मुलाची झोप मोडली नाही, आधी त्याला निजविले, मग उठविले. रात्री दोनच वाजले पाहिजेत असे नाही. वेळ ठरलेली असावी आणि झोप पुरी व्हावी.

आणि मातापित्यांनो, ही वेळ सांभाळणे हे तुमचे काम आहे. दर साल दिवाळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो आणि परीक्षाही त्यातच येते. ज्या 7 नोव्हेंबरला भीवाचे नाव शाळेत लागले, त्याच दिवसांत आपली मुले वर्गातून उठून फडावर जातात. 2017 पासून राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी नुसता हार घालून थांबू नका. मुलाला आजी-आजोबांकडे ठेवा, नात्यात ठेवा, हंगामी वसतिगृहाची चौकशी शाळेत करा. जे गावी राहतात त्यांनी संध्याकाळच्या वंदनेनंतर विहारात दिवा चालू ठेवून टोळीवर गेलेल्यांची मुले अभ्यासाला बसवावीत. एका जाणत्याने जवळ नुसते बसले तरी पुष्कळ आहे.

बाबासाहेबांना अवतार मानले की आपली जबाबदारी संपते, कारण अवताराची बरोबरी कोण करणार? ते तुमच्या-आमच्यासारख्या घरातले मूल होते आणि त्यांच्यासाठी एक बाप रात्री दोनपर्यंत जागत होता, हे ध्यानात घेतले की जबाबदारी सुरू होते. ताईत सोडा आणि मुलाची अभ्यासाची वेळ आजच ठरवा. जयभीम.